चार जुलैचा हिशेब

आज एका प्रश्नाने सुरुवात करू. अमेरिकेच्या कुठल्या राष्ट्राध्यक्षाला स्वातंत्र्यदिनाचं खाणं भोवलं?

उत्तर आहे झॅकरी टेलर, बारावे राष्ट्राध्यक्ष. चाळीस वर्षं फौजेत काढलेला गडी. मेक्सिकोच्या युद्धात गोळ्यांच्या वर्षावातून सहीसलामत बाहेर आला आणि त्याच पुण्याईवर निवडून आला. ४ जुलै १८५० ला हे महाशय राजधानीतल्या अर्धवट बांधलेल्या वॉशिंग्टन स्मारकापाशी भर उन्हात भाषणं ऐकत बसले होते. परत आल्यावर त्यांनी चेरी आणि बर्फाचं दूध यांच्यावर ताव मारला, असं सांगतात. थोड्याच वेळात पोट बिघडलं. डॉक्टरांनी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पाऱ्याचं औषध दिलं, अफू दिली, वर रक्तही काढलं. ९ जुलैला टेलरसाहेब गेले. कारकीर्द जेमतेम सोळा महिन्यांची.

पुढे विषप्रयोगाच्या अफवा इतक्या टिकल्या की १९९१ मध्ये त्यांची कबर उघडून तपासणी केली. आर्सेनिक सापडलं, पण कुणाच्याही शरीरात असतं तेवढंच. म्हणजे कट वगैरे काही नाही. बहुतेक इतिहासकारांचा संशय साध्या गोष्टीवर आहे: ऐन उन्हाळा आणि त्या काळच्या वॉशिंग्टनचं घाण पाणी. राजधानी असली तरी धड गटारं नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, शनिवारी सकाळी सकाळी हा काय विषय? सांगतो. आपल्यातले कितीतरी जण ऑनसाइटच्या निमित्ताने तिकडे जाऊन आलेत, काही तिकडचेच झालेत. चार जुलैचं बार्बेक्यू, तळ्याकाठची आतषबाजी, घडीच्या खुर्च्या आणि आइसबॉक्स हे सगळं आपल्याला माहितीचं. आतषबाजी नगरपालिका करते, आपण लांब बसून 'वा वा' करायचं, इतका तो सण शिस्तीचा वाटतो. पण शंभर वर्षांपूर्वी हाच सण अमेरिकेतला सगळ्यात जीवघेणा दिवस समजला जायचा. तो सुधारला कसा, याची गोष्ट मला फार आवडते, कारण तिचा नायक ना पोलीस आहे ना पुढारी. नायक आहे एक तक्ता.

तर आवाजाची सुरुवात अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. ३ जुलै १७७६ ला जॉन अ‍ॅडम्सने बायकोला लिहिलेल्या पत्रात हा सण पुढे कसा साजरा होईल याचा अंदाज बांधला होता. त्यात तोफा, घंटा, शेकोट्या, रोषणाई, सगळं आलं. (गंमत म्हणजे तारीख त्याने २ जुलै धरली होती. ठराव त्या दिवशी मंजूर झाला होता!) पुढची शंभर-सव्वाशे वर्षं लोकांनी हा अंदाज इमानेइतबारे खरा करून दाखवला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तर चीनहून येणारे फटाके स्वस्त झाले, त्यात हातभर लांबीचे 'जायंट क्रॅकर' आले, पोरांसाठी खेळण्यातल्या तोफा आल्या, आणि आली एक भयानक वस्तू... कोऱ्या काडतुसांचं पिस्तूल.

ही वस्तू नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते. आपण दिवाळीत टिकल्या फोडायचं पिस्तूल वापरायचो, तसलं हे नव्हे. यात खरं काडतूस असायचं, खरी दारू असायची, फक्त पुढची शिशाची गोळी नसायची. गोळीऐवजी कागदाचा किंवा नमद्याचा बोळा दाबून बसवलेला. गोळी नाही म्हणजे धोका नाही, असा आईबापांचा समज. पण अगदी जवळून उडालं की तो बोळाच हाडामासात घुसतो. दहा-बारा वर्षांची पोरं नळीपुढे तळहात धरायची, किंवा बार का उडत नाही म्हणून चाचपायला जायची, आणि... ठो! तळहातात एक बारीकसं भोक. रक्त फारसं नाही. आई पट्टी बांधायची आणि पोरगं पुन्हा खेळायला पळायचं.

आता हिशेबाकडे येऊ. 'शिकागो ट्रिब्यून' या वर्तमानपत्राने १८९९ पासून चार जुलैच्या मृतांची आणि जखमींची देशभरातली मोजदाद छापायला सुरुवात केली. कल्पना झकास. पण तिच्यात एक मोठी फट होती. वर्तमानपत्राला बातमी हवी पाच जुलैच्या सकाळी. त्या सकाळी काय दिसतं? भाजलेले, बोटं गेलेले, डोळे गेलेले, घरं जळालेली. तळहाताला पट्टी बांधलेला पोरगा या यादीत आलाच तर किरकोळ जखमी म्हणून. आणि तो मरायचा साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी, धनुर्वाताने. तोवर चार जुलै कुणाच्या डोक्यातही नसायचा.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. रिलीजच्या रात्री सगळे लॉगवर डोळे लावून बसतात, काही क्रॅश होत नाही, सगळे खुशीत घरी जातात. खरा बग दहा दिवसांनी भलत्याच मॉड्यूलमध्ये फुटतो आणि त्याचा त्या रिलीजशी संबंध लावायला कुणी तयार नसतं.

हा संबंध लावला अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने. १९०३ पासून त्यांनी स्वतःची मोजदाद सुरू केली. वर्तमानपत्रांतल्या बातम्या आणि गावोगावच्या डॉक्टरांकडून येणारी माहिती गोळा करायची, आणि मुख्य म्हणजे घाई करायची नाही. काही आठवडे थांबायचं, सगळे धनुर्वाताचे रोगी येऊ द्यायचे, मग तक्ता छापायचा. प्रत्येक रोग्यापुढे नुसतं 'फटाके' असं लिहायचं नाही, नेमकं काय उडवत होता ते लिहायचं: कोरं काडतूस, मोठा फटाका, खेळण्यातली तोफ, की सुटी दारू.

पहिल्याच वर्षीचे आकडे आले आणि भल्याभल्यांची झोप उडाली. १९०३ च्या चार जुलैने ४६६ जीव घेतले. त्यातले ४०६ धनुर्वाताने! म्हणजे स्फोटाने, आगीने, गोळीने मेलेले सगळे मिळून फक्त ६०. धनुर्वात झालेले एकूण ४१५, म्हणजे त्यातून वाचलेले अवघे नऊ. आणि या ४१५ पैकी बहुसंख्य जखमा कोऱ्या काडतुसाच्या. तुलनेसाठी सांगतो, स्वातंत्र्ययुद्धातल्या बंकर हिलच्या प्रसिद्ध लढाईत अमेरिकेच्या बाजूचे सुमारे ११५ लोक कामी आले. स्वातंत्र्याच्या एका लढाईपेक्षा स्वातंत्र्याचा एक वाढदिवस चौपट महाग.

म्हणजे सगळा देश फटाक्यांच्या आगीला घाबरत होता आणि पोरं मरत होती वेगळ्याच कारणाने. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

धनुर्वात कसा होतो ते तोवर कळलेलं होतं. १८८९ मध्ये बर्लिनला कॉखच्या प्रयोगशाळेत शिबासाबुरो किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने हा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला. या जंतूला ऑक्सिजन चालत नाही. उघड्या हवेत तो बीजाणूच्या रूपाने वर्षानुवर्षं झोपून राहतो, मातीत, धुळीत, घोड्याच्या लिदीत. आणि १९०३ चं अमेरिकन शहर म्हणजे काय? रस्तोरस्ती घोडे. लीद पडणार, वाळणार, धूळ होऊन उडणार, पोरांच्या हातांना लागणार. आता तो बोळा तळहातात घुसताना ती घाण खोल आत नेऊन ठेवतो. वरून कातडी मिटते, घट्ट पट्टी बसते. आत हवा नाही, भाजून मेलेलं मांस आहे... जंतूला आणखी काय पाहिजे? तो जागा होतो आणि विष तयार करायला लागतो. आधी जबडा आवळतो, मग मान, मग सगळं अंग धनुष्यासारखं वाकतं. आपल्याकडचं नाव किती नेमकं आहे बघा! इंग्रजीतलं 'लॉकजॉ' हे नाव जबड्यापाशीच थांबतं.

थोडक्यात, जी जखम सगळ्यात छोटी दिसायची तीच सगळ्यात घातक होती, आणि पट्टी बांधण्याचा प्रेमळ उपायच तिला मदत करत होता.

मग डॉक्टरांनी काय केलं? दोन गोष्टींचा धोशा लावला. एक, असली जखम कितीही क्षुल्लक दिसो, ती चिरून उघडी करा, बोळ्याचा कण न् कण काढा, साफ करा आणि उघडीच ठेवा. दोन, जबडा आवळायची वाट न बघता आधीच प्रतिविषाची लस टोचा. १८९० मध्ये बेहरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं होतं की धनुर्वाताचं विष पचवलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतो. त्यावरून घोड्यांच्या रक्तापासून हे औषध बनू लागलं. मेख एकच होती, लक्षणं दिसल्यावर ते जवळजवळ निरुपयोगी.

आणि ते टोचून घ्यायला लोक घाबरायचे. त्याला कारणही होतं. १९०१ मध्ये सेंट लुईस शहरात घटसर्पावरचं औषध ज्या घोड्याच्या रक्तापासून बनायचं, त्याच घोड्याला धनुर्वात झाला होता. नाव त्याचं जिम. ते औषध तसंच वापरलं गेलं आणि १३ मुलं दगावली. अशी औषधं बनवणाऱ्यांवर सरकारी देखरेख ठेवणारा अमेरिकेतला १९०२ चा कायदा आला तो यानंतर. त्याच सुमाराला आपल्याकडेही अशीच एक घटना घडली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. लस आली होती मुंबईहून, परळच्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून. ठपका हाफकिनवर बसला, पद गेलं, आणि दोष लस बनवण्यात नसून बाटली उघडताना झालेल्या निष्काळजीपणात असावा हे मान्य होऊन त्यांच्यावरचा डाग पुसायला १९०७ उजाडलं. त्याच प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच. सुईविषयीची भीती किती खरी होती, हे यावरून लक्षात येईल.

असो. मूळ मुद्द्याकडे.

१९०३ चा तक्ता गाजला. पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर सावध होते, आईबाप सावध होते. १९०४ मध्ये धनुर्वाताचे रोगी ४१५ वरून १०५ वर आले! एका वर्षात. कायदा नाही, बंदी नाही, फक्त कुठली जखम धोक्याची आहे हे कळल्यामुळे. एकूण मृत्यू १८३.

इथे गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं. पण पुढचे आकडे बघा. एकूण मृत्यू १९०५ मध्ये १८२, १९०६ मध्ये १५८, १९०७ मध्ये १६४, १९०८ मध्ये १६३. तक्ता जागच्या जागी थिजला. आणि १९०९ मध्ये पुन्हा २१५, धनुर्वाताचे रोगी १५०. सात वर्षांची बेरीज १,५३१ मृत्यू. पॅच मारून जेवढं दुरुस्त होण्यासारखं होतं तेवढं झालं होतं. जखम होतच राहिली तर कुठेतरी एखादी आई पट्टी बांधणारच, कुठल्यातरी गावात डॉक्टर उशिरा पोचणारच. आता प्रश्न औषधाचा राहिला नव्हता, सण साजरा करण्याच्या रीतीचा होता. आणि सणाला हात लावायचा म्हणजे काय, ते आपल्याला कुणी सांगायला नको :)

हात लावणाऱ्यांत एक खमकी बाई होती. जुलिया बार्नेट राइस. न्यूयॉर्कच्या हडसन नदीकाठी राहायची, वैद्यकीचं शिक्षण घेतलेली. नदीतल्या टगबोटी रात्रभर उगाचच भोंगे वाजवायच्या. बाईंनी नुसती तक्रार केली नाही, कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी पगारी बसवून भोंगे मोजून घेतले. एका रात्रीत जवळजवळ ३,०००! आकडा हातात घेऊन ती अधिकाऱ्यांकडे गेली आणि १९०७ मध्ये भोंग्यांना आळा घालणारा कायदा झाला. १९०६ मध्ये तिने अनावश्यक आवाजाविरुद्धची संस्था काढली होती. इस्पितळांभोवती शांतता क्षेत्रं हवीत ही तिची मागणी. मग तिने मोर्चा वळवला चार जुलैकडे. आता तिच्या मदतीला डॉक्टरांचे तक्ते तयारच होते.

त्यातच ३ जुलै १९०८ ला क्लीव्हलंडमध्ये एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात गिऱ्हाइकाला फुलबाजी पेटवून दाखवताना ठिणगी फटाक्यांच्या मांडणीवर पडली. सात जण गेले. शहराच्या सभेने त्याच महिन्यात फटाक्यांची विक्री आणि वापर बंद केला. असं पाऊल टाकणाऱ्या पहिल्या मोठ्या शहरांपैकी हे एक. मग एकेक शहर या वाटेने निघालं. या चळवळीला नाव पडलं 'सेफ अँड सेन फोर्थ', म्हणजे सुखरूप आणि शहाणा चौथा दिवस.

आता यातली हुशारी बघा. नुसतं 'हे करू नका' म्हटलं असतं तर पोरांनी दाद दिली नसती. शहरांनी बदली कार्यक्रम दिला. सकाळी मिरवणूक, दुपारी मैदानावर शर्यती, बँड, ऐतिहासिक देखावे आणि रात्री जाणकार माणसांच्या हातून एकच मोठी आतषबाजी, तीही फुकट. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या मिरवणुकीत तर देशोदेशींहून येऊन तिथे राहिलेल्या लोकांची पथकं असायची, आपापल्या पोशाखात. आज आपण तळ्याकाठी बसून बघतो ती नगरपालिकेची आतषबाजी फोफावली ती या चळवळीमुळे.

टीकाही झाली. देशभक्ती नेभळट करताय म्हणून झाली, पोरांचा सण पळवलात म्हणून झाली. एक टीका मात्र विचार करण्यासारखी आहे. ही चळवळ बरीचशी सुखवस्तू, शिकल्यासवरलेल्या लोकांची होती. गरीब वस्तीतल्या, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या लोकांनी सण 'आपल्या' पद्धतीने साजरा करावा, मिरवणुकीत नीट रांगेत चालावं, असाही तिच्यात एक सूर होता. आवाज नेहमी दुसऱ्याचाच मोठा वाटतो, हे काही फक्त अमेरिकेतच घडतं असं नाही. पण तक्त्यातली नावं बघितली की वाद थोडा मवाळ होतो. कोऱ्या काडतुसाने मरणारी मुलं सुखवस्तू घरांतलीच होती असं थोडंच आहे?

आणि परिणाम? एकूण मृत्यू १९१० मध्ये १३१, १९११ मध्ये ५७, १९१२ मध्ये ४१. धनुर्वाताचे रोगी ७२, १८, ७. आणि १९१६ मध्ये शून्य. तेरा वर्षांत ४१५ वरून शून्यावर! तोपर्यंत युरोपात महायुद्ध पेटलं होतं आणि तिथल्या लष्करी डॉक्टरांनाही चिखलात लोळलेल्या जखमांवर हेच दोन नियम कळून चुकले होते: जखम उघडी करा, सुई आधी टोचा. शरीराला स्वतःची, दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती देणारी लस आली ती १९२० च्या दशकात. आज खिळा लागला की आपण दवाखान्यात जाऊन जे इंजेक्शन घेतो ते तिचंच.

पुढे काय झालं ते पटकन सांगतो. १९६६ च्या कायद्याने 'चेरी बॉम्ब' आणि 'एम-८०' असले दांडगे बार बाजारातून हटवले. १९७६ पासून जमिनीवर फुटणाऱ्या फटाक्यात जास्तीत जास्त ५० मिलिग्रॅम दारू चालते. बाकी प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. मॅसॅच्युसेट्समध्ये घरगुती फटाके आजही बेकायदा, शेजारच्या न्यू हॅम्पशरमध्ये दुकानं. सरकारचा ग्राहक सुरक्षा आयोग दर उन्हाळ्यात नवा तक्ता काढतो: २०२३ या पूर्ण वर्षात फटाक्यांनी ८ मृत्यू आणि उपचार घेतलेले सुमारे ९,७००. लोकसंख्या १९०३ च्या चौपट झालेली असताना. सगळ्यात जास्त जखमा अजूनही हात आणि बोटांनाच. आणि आपण लहान मुलांच्या हातात निर्धास्तपणे देतो त्या फुलबाजीचं टोक साधारण ११०० अंश सेल्सिअसला जळतं. फुलबाजी म्हणजे 'बिनधोक' ही समजूत कोऱ्या काडतुसाच्याच जातीची.

आणि हो, टेलरसाहेबांची चेरीही अजून संपलेली नाही. तिकडचा कृषी विभाग दर उन्हाळ्यात एकच पाढा वाचतो: शिजवलेलं किंवा नासणारं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. बटाट्याचं सॅलड असो की आपल्या पॉटलकमधलं श्रीखंड, जंतूला पासपोर्ट लागत नाही.

मला या सगळ्यातून एवढंच दिसतं. सण सुरक्षित करा म्हणून ओरडणारे त्याही आधी होतेच, पाद्री होते, संपादक होते, शेजारी होते. त्यांच्या ओरडण्याने काही हललं नाही. हललं ते कुणीतरी चिकाटीने मोजल्यावर, आणि नुसतं मोजल्यावर नाही, थांबून मोजल्यावर. पाच जुलैला हिशेब बंद केला असता तर ४०६ मुलं-माणसं कुठल्याच यादीत आली नसती. धनुर्वाताने गेली, नशीब त्यांचं, एवढंच म्हटलं गेलं असतं.

तेव्हा पुढच्या सणाला, तो तिकडचा असो की इकडचा, मजा जरूर करा. फक्त एखाद्या पोराने हाताला बारीकसं भोक पाडून आणलं तर घाईने पट्टी बांधून मोकळे होऊ नका. थेट डॉक्टरकडे न्या. आणि दहा दिवसांनी एक फोन करून विचारा, 'काय रे, बरा आहेस ना?'